आठव्यातले मूल

"सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेले असेल. पनवेलच्या आसपासच्या गावांतून तर ते अमावास्या-पौर्णिमेइतक्या निश्चयाने सांगितले जाते. गंमत अशी, की हा समज केवळ आपलाच नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांच्या संग्रहात आठव्या महिन्यातील गर्भावर स्वतंत्र लेखन आहे आणि तेथेही हेच सांगितले आहे. दोन-अडीच हजार वर्षे आणि दोन खंड एखादी चूक टिकून राहते तेव्हा तिला काहीतरी कारण असले पाहिजे. मला वाटते, पूर्वीच्या काळी दिवसांची मोजणी ढोबळ असे आणि लग्नानंतर जरा लवकरच पाळणा हलला, तर 'सातमाशा' हा शब्द घराण्याच्या अब्रूवर पांघरूण घालायला फार सोयीचा पडे. असे धडधाकट 'सातमाशे' पाहून सातव्यातले मूल जगते ही समजूत दृढ झाली असल्यास नवल नाही.

या समजुतीची चेष्टा करण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीला बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे घरगुती हिशेबाने आठव्यात, मुलगा झाला. वजन भरले १,४५० ग्रॅम. दीड किलोसुद्धा नाही. ज्या लहानशा सूतिकागृहात तो जन्मला तेथे अशा बाळाची सोय नव्हती. त्याला मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. त्या वेळी घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितले, "आठव्यातलं आहे रे, फार खर्चात पडू नकोस." त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी स्वतःची दोन मुले अशीच गमावली होती. परंतु त्या एका वाक्यापायी गाडी बोलवायला पाऊण तास उशीर झाला, हेही तितकेच खरे. बाळ चौतीस दिवस नवजात अतिदक्षता विभागात राहिले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायन आणि जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला. पण दारापाशी बसून डॉक्टरांना व सिस्टरांना जे विचारले आणि पुढे पुस्तकांतून जे वाचले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम हिशेब. पूर्ण दिवसांचे गर्भारपण सुमारे चाळीस आठवड्यांचे. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. बत्तिसाच्या आतले फार अपुरे आणि अठ्ठाविसाच्या आतले अत्यंत अपुरे. या मोजणीत सातवा-आठवा असा भेदच राहत नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनेच पडतो. चौतीस आठवड्यांचे मूल तिसाच्या मुलापेक्षा अधिक सुरक्षित, तिसाचे अठ्ठाविसाच्यापेक्षा. म्हणजे आठव्यातले सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बरे. अशी मुले क्वचित जन्मतात असेही नाही. २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली असा अंदाज आहे. जगात इतकी दुसऱ्या कोणत्याही देशात नाहीत.

अशा बाळाचा पहिला शत्रू थंडी. आपल्याकडे भर मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना थंडी कसली, असे मलाही वाटले होते. पण बाळ जन्मते ओले, त्याच्या कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार मोठा असतो. गरम भाकरीचा तुकडा अख्ख्या भाकरीच्या आधी निवतो, तसेच हे. मोठ्या माणसासारखे कुडकुडून ऊब निर्माण करणेही त्याला जमत नाही. अंगाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की बाळ आपली सगळी शक्ती ऊब राखण्यात खर्च करू लागते. साखर उतरते, श्वास मंदावतो आणि पुढची सारी दुखणी ओळीने येतात. आपल्या आज्या बाळाला कुंची, टोपरे घालून दुपट्यात घट्ट बांधत, त्यामागे हेच शहाणपण होते. विशेषतः कुंची. बाळाच्या अंगाच्या मानाने डोके मोठे, म्हणून बरीच ऊब डोक्यावाटे जाऊ पाहते. मात्र जन्मल्याबरोबर आंघोळ घालण्याची त्याच आज्यांची घाई या शहाणपणावर पाणी ओतते, शब्दशः.

लोक ज्याला 'काचेची पेटी' म्हणतात तिचा जन्म कोंबडीच्या खुराड्यात झाला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. १८८० च्या सुमारास पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी तेथील प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच एक पेटी तान्ह्या मुलांसाठी करवून घेतली. खाली गरम पाण्याची टाकी, वर बाळे. त्यांच्या रुग्णालयात दोन किलोंच्या आतील मुलांपैकी शंभरात ६६ दगावत, ते प्रमाण ३८ वर आले. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी या पेट्या चक्क जत्रेत मांडल्या. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि खेळांच्या शेजारी, तिकीट लावून लोकांना जिवंत अपुरी बाळे दाखवली जात आणि त्या तिकिटाच्या पैशातून बाळांचा खर्च भागे. पालकांकडून ते काहीच घेत नसत. हा प्रकार १९४३ पर्यंत चालला. वाचून अंगावर काटा येतो. पण त्या काळी तेथील बहुतेक रुग्णालयांत अशा मुलांसाठी काहीच नव्हते, हे कळल्यावर कूनींना नावे ठेवणे जड जाते.

दुसरा प्रश्न श्वासाचा, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण भाग हाच. फुप्फुस म्हणजे असंख्य सूक्ष्म फुग्यांचा घोस. हे फुगे आतून ओलसर असतात आणि पाण्याच्या अंगी स्वतःला आकसून घेण्याचा गुण असतो. पानावरचा थेंब गोल राहतो तो त्यामुळेच. हा ताण फुग्यांना प्रत्येक श्वासागणिक मिटवू पाहतो. तो मोडण्यासाठी फुप्फुस साबणासारखा एक स्निग्ध पदार्थ तयार करते. त्याला 'सरफॅक्टंट' म्हणतात. साध्या पाण्याचा फुगा होत नाही, साबणाच्या पाण्याचा होतो, हे आपण लहानपणी पाहिलेले आहेच. हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे जावे लागतात. त्याआधी जन्मलेले मूल प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्या कष्टाने घेते. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हते आणि काही तासांत थकते.

हे कारण १९५९ मध्ये अमेरिकेतील मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिले. तोपर्यंत अशा मुलांच्या फुप्फुसांत नको ते काहीतरी साठते असेच वैद्यांना वाटे. हवे ते नसते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आणि कारण कळले तरी उपाय लगेच हाती आला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडे अधिक, म्हणजे माझ्या भाच्यापेक्षा कितीतरी जास्त. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाचे ते मूल ३९ तासांत गेले, ते याच आजाराने. आज एवढ्या वजनाचे आणि एवढ्या दिवसांचे मूल जिल्ह्याच्या ठिकाणच्या विभागातूनही बहुधा वाचून घरी जाते. मधल्या साठ वर्षांत काय घडले?

तीन गोष्टी घडल्या. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीवर संशोधन करीत होते. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचे फार लवकर जन्मलेले कोकरू, जे मरायलाच हवे होते, ते श्वास घेत राहिलेले त्यांना आढळले. १९७२ मध्ये त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी हेच मातांच्या बाबतीत सिद्ध केले. लवकर कळा सुरू झाल्यास आईला स्टेरॉइडची इंजेक्शने द्यायची. ते वारेतून बाळापर्यंत जाते आणि जन्माआधीच फुप्फुस पिकवते. औषध अगदी स्वस्त आहे. दुसरी गोष्ट, १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी प्रसिद्ध केलेली 'सी-पॅप'ची पद्धत. नाकातून सतत हलका दाब देऊन फुप्फुसाचे फुगे मिटू द्यायचे नाहीत. आमच्या बाळाला लावलेला प्रकार इतका साधा होता, की प्रथम माझा विश्वास बसेना. हवा-ऑक्सिजनची नळी बाळाच्या नाकाशी, आणि तिचेच दुसरे टोक एका बाटलीत पाण्याखाली पाच सेंटिमीटर बुडवलेले. टोक जितके खोल, तितका दाब. बाटलीत बुडबुडे अखंड येत राहतात. ताई पुढे पुढे बाळाकडे पाहण्याआधी त्या बाटलीकडे पाही. तिसरी गोष्ट, तो स्निग्ध पदार्थच बाहेरून नळीवाटे फुप्फुसात घालणे. जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये गाईच्या फुप्फुसापासून केलेला पदार्थ वापरून हे करून दाखवले. तो महाग असतो. आमच्या बाळाला त्याची गरज लागली नाही.

श्वासाचे आणखी एक गमतीदार संकट असते. ही बाळे श्वास घ्यायला चक्क विसरतात. मेंदूतील केंद्र अपक्व असल्याने वीस-वीस सेकंद छाती हलत नाही. यंत्राची घंटा वाजते, सिस्टर येऊन तळपायावर टिचकी मारते आणि बाळ दचकून पुन्हा कामाला लागते. यावर जे औषध देतात ते म्हणजे कॅफिन, आपल्या कॉफीतले! परीक्षेच्या आदल्या रात्री ज्या द्रव्याच्या जोरावर आपण जागतो, त्याच द्रव्यावर दीड किलोचे मूल श्वास घेण्याची आठवण ठेवते.

ऑक्सिजनची कथा मात्र दुःखाची आहे. १९४० नंतर श्रीमंत देशांतील रुग्णालयांनी अपुऱ्या मुलांना मुक्तहस्ताने ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली. मुले जगली, पण त्यांतली हजारो आंधळी झाली. डोळ्याच्या मागील पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात. जादा ऑक्सिजनने त्यांची वाढ बिघडते आणि पडदा सुटतो. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली असेच अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि दृष्टी गमावून बसले. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील अठरा रुग्णालयांनी मिळून पद्धतशीर तुलना केली, तेव्हा कोठे ऑक्सिजनचा हात आखडला. आज बाळाच्या पायाला लाल दिव्याची पट्टी असते ती यासाठीच. रक्तातील ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्के राहावा. कमी नको आणि जास्तही नको. आकडा ९९ झाला म्हणून आम्ही बाहेर आनंदलो, आणि आतून सिस्टरने लगबगीने ऑक्सिजन कमी केला. त्याचा अर्थ नंतर कळला.

आता दूध. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एकापाठोपाठ करण्याची हातोटी चौतीस आठवड्यांच्या सुमारास येते. तोपर्यंत दूध नाकातून पोटात गेलेल्या नळीने, आणि पुढे वाटी-चमच्याने. आमच्या आईने माळ्यावरून आपले जुने बोंडले काढून आणले होते. ते पाहून डॉक्टरीणबाई हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. नीट उकळून घ्या एवढेच सांगितले. बाटली मात्र बिलकूल नको. आईचा पहिला चीक, जो आपल्याकडे कित्येक घरांतून 'घट्ट आहे, पचणार नाही' म्हणून पिळून टाकत, तो अशा बाळाला औषधाहून मोलाचा. कारण पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या मुलांचे आतडे सडण्याचा एक भयंकर आजार असतो. आईच्या दुधावरील मुलांना तो कितीतरी कमी होतो.

पण आईलाच दूध आले नाही तर? येथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक हकीकत सांगावीशी वाटते. पनवेलहून निघणारा हमरस्ता खाडी ओलांडून ज्या शीव गावात संपतो, तेथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. डॉ. आर्मिडा फर्नांडिस या तेथील नवजात विभागाच्या प्रमुख. धारावीसारख्या वस्तीतून येणारी कमी वजनाची मुले जंतुसंसर्गाने दगावत होती. यंत्रे थोडी, माणसे थोडी. त्यांनी महागड्या साधनांची वाट पाहिली नाही. वरचे दूध बंद केले, आयांना विभागात आणून बाळांच्या सेवेत घेतले आणि जादा दूध असलेल्या मातांकडून ते गोळा करण्याची व्यवस्था उभी केली. हे दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, जंतू नाहीत ना हे तपासतात आणि गोठवून ठेवतात. रक्तपेढीसारखेच, पण येथे देणारी बाई स्वतःच नुकती बाळंत झालेली असते. दुसऱ्याच्या पोरासाठी ती दूध देते तेव्हा जात-धर्म कोणी विचारत नाही. आमच्या प्राध्यापकांनी समाजशास्त्राच्या तासाला हे उदाहरण अवश्य घ्यावे.

पेटीपेक्षा चांगली जागा कोणती, याचे उत्तर कोलंबियाची राजधानी बोगोता येथून आले. तेथील एका रुग्णालयात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळे सरळ आयांच्या उघड्या छातीवर उभी बांधायला सुरुवात केली, कांगारूच्या पिलासारखी. गरिबीतून निघालेली ही युक्ती श्रीमंतांच्या यंत्रापुढे उणी पडली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मल्यावर लगेच अशी कांगारू-सेवा मिळालेल्या मुलांतील मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. आधी बाळ स्थिर होऊ द्यावे आणि मग आईकडे द्यावे ही जुनी पद्धत त्यामुळे मागे पडली. आईच असली पाहिजे असेही नाही. ताईला ताप आला ते दोन दिवस भाऊजी सदरा काढून बाळाला छातीशी घेऊन बसत. गल्लीत मिशीला पीळ देऊन हिंडणारा मनुष्य चार चार तास हललासुद्धा नाही. आमच्या आईला ते पाहून इतका संकोच वाटला, की ती बाहेर जाऊन बसली.

कावीळ झालेल्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात. त्याचा शोधही असाच. इंग्लंडमधील एका रुग्णालयातील सिस्टर वॉर्ड कोवळ्या उन्हात बाळांना बाहेर नेत. ऊन लागलेल्या भागाचा पिवळेपणा गेलेला त्यांना दिसला आणि त्यावरून १९५८ मध्ये डॉ. क्रेमर यांनी दिव्यांचा पाळणा तयार केला. घरी खिडकीतल्या उन्हावर मात्र विसंबू नये, असे आम्हाला बजावून सांगण्यात आले.

हे सारे मोठ्या शहराचे झाले. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उत्तर दिले आहे. त्यांनी गावातीलच थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ऊबदार पिशवीत ठेवणे, श्वास मोजणे, संसर्गाची लक्षणे ओळखून इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. ३९ गावांत तीन वर्षांनंतर नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात त्याचे मूळ येथे आहे. त्या आल्या की चहापाण्यावर वाटेला लावू नये. बाळाला उघडून पाहू द्यावे.

आणि यंत्रे आली म्हणजे सर्व झाले असेही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात विभागाला आग लागली. आतल्या सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. ज्या पेटीने त्यांना जगवायचे तीच जागा त्यांची शेवटची ठरली. नव्या विभागाचे उद्घाटन होते तेव्हा फोटो येतात. विजेच्या तारा कोण तपासतो आणि रात्री कितीजणी जाग्या असतात, हे मात्र कोणी छापत नाही.

आपल्या पनवेलकरांच्या दृष्टीने खरी गोम वाटेत आहे. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. मुंबई त्याहून जवळ. कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे आपण तसे नशीबवान. पण बाळ जन्मल्यावर हलवण्यापेक्षा पोटात असतानाच हलवणे शतपटीने बरे, कारण आईच्या पोटाइतकी चांगली गाडी अद्याप निघालेली नाही. कळा लवकर सुरू झाल्या, पाणी गेले, अंगावर सूज येऊन डोके दुखू लागले, तर 'बघू सकाळी' म्हणू नये. १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात मोफत मिळते. तीस दिवसांपर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात फुकट उपचार करण्याची केंद्राची योजना २०११ साली सुरू झाली आणि पुढे ती मुदत एक वर्षापर्यंत वाढली. जन्मानंतर हलवावेच लागले तर बाळाला कोरडे करून, टोपरे घालून, कोणाच्या तरी उघड्या छातीशी लावून न्यावे, आणि निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात जागा आहे का ते फोनवर विचारून घ्यावे. खारघरच्या सिग्नलला अडकल्यावर हे सुचून उपयोग नसतो.

घरी आल्यावर काम संपत नाही. दोन किलोंच्या आत किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे चौथ्या आठवड्यापर्यंत नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेच लागतात. फार लहान मुलांचे त्याहूनही आधी. बाहेरून डोळा टवटवीत दिसतो आणि वेळ निघून जाते. वेळेत सापडले तर लेसरने दृष्टी वाचते. कानांचीही तपासणी लागते. आणि शेजारणी जेव्हा विचारतात, "चार महिन्यांचा झाला, अजून मान कशी धरत नाही?" तेव्हा जितके आठवडे तो लवकर आला तितके वयातून वजा करावेत. आमचे चार महिन्यांचे मूल या हिशेबाने दोनच महिन्यांचे होते. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तेथे वजाबाकी नाही.